मामांचं तेल आणि कॉलेजची लेन्स

सोलापूरच्या भवानी पेठेतल्या मामांच्या घरात करकरणारी एकही वस्तू नव्हती. दाराच्या बिजागऱ्या, खिडकीची कडी, मामीचं शिलाई मशीन, छताचा पंखा, नळाची तोटी, माझी सायकल, सगळं आवाज न करता हलायचं. मामा टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करून पुन्हा चालू करणारा माणूस. दिवसभर मागांच्या खडखडाटात काढल्यावर घरातल्या वस्तूचा जराही आवाज त्यांना सहन व्हायचा नाही. कारखान्याला सुट्टी असली की सकाळचा चहा झाल्या झाल्या ते लांब चोचीची तेलाची कुपी घेऊन घरभर फिरायचे. जे हलतं त्याला दोन थेंब, जे हलत नाही त्याला चार. शेजारच्या बायकाही आपापली कुलपं आणि कात्र्या आमच्या उंबऱ्यावर आणून ठेवायच्या. एकदा मामांनी मामीच्या अडकित्त्यालाही तेल दिलं आणि पुढे आठवडाभर सुपारीला मागाच्या तेलाचा वास येत राहिला. मामी वैतागून म्हणाली, "एक दिवस माझ्या गुडघ्याला बी घाला." मामा गंभीरपणे म्हणाले, "ग्रीस लागंल तितं."

मी वळसंग गावाहून या घरात कॉलेजसाठी राहायला आलो होतो. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. वडिलांची मेंढरं आणि थोडी कोरडवाहू जमीन. ते फोनवर विचारायचे, "काय शिकतुयास?" मी म्हणायचो, "फिजिक्स." ते म्हणायचे, "बरं बरं. जेवलास का?" त्यांनी पुढे काही विचारलं नाही याचं मला बरं वाटायचं, कारण खरं तर मलाही नीट सांगता आलं नसतं. वर्गात मी तिसऱ्या बाकावर बसायचो आणि उत्तर येत असलं तरी हात वर करायचो नाही. बोलताना 'आहे'च्या जागी 'हाय' निघेल या भीतीनं वाक्य आधी मनात दोनदा म्हणून बघायचो. तोवर दुसऱ्या कुणीतरी उत्तर दिलेलं असायचं.

त्यामुळे त्या दिवशी मी तोंड कसं उघडलं हे मला आजही कळलेलं नाही. कॉलेजात कुठलीशी समिती तपासणीला येणार होती आणि फिजिक्सच्या सरांनी आम्हाला प्रयोगशाळा आवरायला लावली होती. मागच्या कोपऱ्यातलं लोखंडी कपाट उघडलं तर आत जुन्या कॅमेऱ्यांच्या लेन्स निघाल्या. कधी काळी कॉलेजात फोटोग्राफीचं मंडळ होतं म्हणे. काच चांगली होती, पण एकाही लेन्सचं कडं फिरत नव्हतं. लांबचं किंवा जवळचं स्पष्ट दिसावं म्हणून जे कडं फिरवतात, तेच जाम. सर म्हणाले, "हे सगळं भंगारात." मी एक लेन्स हातात धरून उभा होतो. कड्यावर अंतरांचे आकडे कोरलेले होते, आणि शेवटी आडवा पाडलेला आठ. अनंत. वर्गात फळ्यावर बघितलेलं ते चिन्ह इथं कुणीतरी धातूत कोरून ठेवलं होतं, त्याला बोट लावता येत होतं. मी म्हणालो, "सर, मी... एक बघू का?"

"काय बघणार?"

"फिरते का ते."

सरांनी माझ्याकडे बघितलं. बहुतेक माझं नाव आठवत असावेत. मग म्हणाले, "शनिवारी भंगारवाला येणार आहे. तोपर्यंत यातली एक जरी नीट चालली तर कपाट ठेवू, आणि किल्ली तुझ्याकडे. नाही चालली तर हट्ट करायचा नाही." सर हे बहुधा मला कटवण्यासाठी म्हणाले. पण मी घरी येईपर्यंत त्या किल्लीचाच विचार करत होतो. कॉलेजच्या एका कुलपाची किल्ली आमच्या घरातल्या माणसाच्या खिशात. एवढं झालं असतं तर मला तिसऱ्या बाकावरून पुढे सरकता आलं असतं, असं काहीतरी मनात होतं. आता लिहिताना ते पोरकट वाटतं. तेव्हा वाटत नव्हतं.

लेन्स का अडकते हे मी मोबाइलवरच्या व्हिडिओत बघून घेतलं. आत एकात एक फिरणाऱ्या दोन नळ्या असतात, त्यांना बारीक आटे पाडलेले असतात, आणि आट्यांना लावलेलं ग्रीस वर्षानुवर्षं पडून साबणासारखं घट्ट होतं. लेन्स खोलायची, जुनं ग्रीस पेट्रोलनं धुवायचं, नवं अगदी पातळ थरात लावायचं आणि परत बसवायची. व्हिडिओतला परदेशी माणूस पांढऱ्या टेबलावर पांढरे हातमोजे घालून हे करत होता. त्याच्या घरात पाल चुकचुकल्याचाही आवाज नव्हता. आमच्या घरात एक खोली, त्यात पोटमाळा, खाली मामीचं मशीन, शेजारच्या घरात चार माग चालू, आणि शेंगा चटणीसाठी उखळात घाव बसत असलेले. तरी मी लेन्स एका टॉवेलात गुंडाळून फळीवर ठेवली आणि सगळ्यांना बजावलं, "हिला कुणी हात लावू नका. कॉलेजची हाय."

दुसऱ्या दिवशी कारखान्याला सुट्टी होती.

संध्याकाळी घरी आलो तर मामा दारातच उभे. हातात माझी लेन्स. "फिरव," म्हणाले. मी फिरवली. लोण्यातून सुरी जावी तशी फिरली. "चार थेंब," मामा म्हणाले, "बस्स. तुमच्या कॉलेजात तेल न्हाय व्हय रं?" मला राग यायला हवा होता, पण मी इतका खूश झालो की मामांना तिथल्या तिथं वाकून नमस्कार केला. मामीनं त्या दिवशी धपाटे केले होते. मी नेहमीपेक्षा जास्तच खाल्ले. वडिलांना फोन करून सांगितलं, "झालं." कशाचं काय झालं हे त्यांनी विचारलं नाही, पण तेही खूश झाले.

आमच्या पत्र्याखाली दुपारी काय तापतं ते सोलापूरच्या माणसाला सांगायला नको. दुसऱ्या दिवशी दुपारी मी लेन्स उजेडात धरली आणि कपाळावर हात मारला. मागाचं तेल पाण्यासारखं पातळ. ते आट्यांत थांबलंच नव्हतं. उन्हानं आणखी पातळ होऊन खाली उतरलं होतं, उजेड कमीजास्त करणाऱ्या बारीक पात्यांवर पसरलं होतं, आणि ती पाती एकमेकांना चिकटून बसली होती. आतल्या काचेवर चहाच्या वाफेसारखा पडदा धरला होता. कडं मात्र अजून सुरेख फिरत होतं. हेच जास्त चीड आणणारं होतं.

मामा कामावरून आल्या आल्या मी विचारलं, "मामा, तेल कशाला घातलं?"

"फिरत न्हवतं म्हणून."

"मी सांगितलं व्हतं की, हात लावू नका!"

"हात कुटं लावला? तेल लावलं."

"आतली पाती चिकटली. काच धुरकट झाली. आता सगळी खोलावी लागंल."

मामांनी लेन्स घेतली, कडं फिरवलं, परत फिरवलं. "चालतीया की," म्हणाले. "चालती वस्तू खोलतोस? आमच्या कारखान्यात असं कुणी केलं तर त्याला घरी पाठवत्यात." त्यांना काच धुरकट दिसतच नव्हती. फिरते ना, मग झालं. त्यांचं सगळं आयुष्य फिरणाऱ्या वस्तूंत गेलेलं. मी किती समजावलं तरी ते फक्त कडं फिरवत राहिले. शेवटी मामीच म्हणाली, "अवं, त्येचं त्येला करू द्या की. पोरगं रडकुंडीला आलंय."

मग माझे खरे हाल सुरू झाले. बाजूचे तीन बारीक स्क्रू काढायला घड्याळजीकडून छोटा स्क्रूड्रायव्हर मागून आणला. पेट्रोलची वाटी बघून मामीनं स्टोव्ह बंद करून मला दारात बसवलं आणि स्वयंपाक खोळंबला म्हणून बोलत राहिली. दारात बसलो तर येणारा जाणारा वाकून बघायचा आणि सल्ला द्यायचा. कुणी म्हणालं खोबरेल लाव, कुणी म्हणालं व्हॅसलीन. मामी म्हणाली, "शेंगतेल घाल, त्येनं कायबी सुटतं." वडिलांना फोनवर सांगितलं तर तेही मागं राहिले नाहीत. "मेंढी कातरल्यावर हात कसं मऊ पडत्यात बग. लोकरीवरचा चिकटा लाव." शुक्रवार पेठेत मोटारसायकलच्या सुट्या भागांच्या दुकानात पातळ ग्रीस मागायला गेलो तर दुकानदारानं विचारलं, "गाडी कुठली?" मी म्हणालो, "गाडी नाही, लेन्स." "चष्म्याची?" मला पुढे समजावायची ताकद नव्हती. "व्हय," म्हणालो, आणि ग्रीस घेऊन आलो.

सगळ्यांत जास्त छळलं ते टॉवेलांनी. व्हिडिओतला माणूस सांगत होता, ज्याचा तंतू सुटत नाही अशाच कापडानं पुसा. आमच्या घरात अंथरूण, पांघरूण, पडदा, पायपुसणं, सगळं विणीत खोट राहिली म्हणून कारखान्यातून घरी आलेल्या टॉवेलांचं. ज्याचा तंतू सुटत नाही असं एक कापड त्या घरात सापडेना. आधी सुटलेल्या बाहेरच्या कड्याचे आटे पुसले की कापसाचं बारीक तूस त्यात अडकायचं. ते सुईनं काढत बसायचो. तेवढ्यात मामा कामावरून येऊन शेजारी वाकून उभे राहायचे, आणि त्यांच्या केसांतून, भुवयांतून, सदऱ्यावरून कापूस अलगद खाली उतरायचा, नेमका ताज्या ग्रीसवर. "मामा, जरा लांब थांबा." "का रं?" "कापूस पडतुय." ते दोन पावलं मागं सरकायचे, सदरा तिथंच झटकायचे आणि परत वाकायचे.

आता त्या सगळ्यातला मुख्य घोटाळा सांगतो. आतल्या त्या दोन नळ्यांच्या आट्यांना एकच तोंड, म्हणजे आत शिरायची एकच जागा, नसतं. नेहमीच्या बाटलीचं झाकण कसंही ठेवून फिरवलं तरी बसतं. इथं कडेला बरीच तोंडं असतात आणि नळी त्यातल्या कुठल्याही तोंडातून आत जाते, अगदी सुरळीत जाते. पण बरोबर तोंड एकच. चुकीच्या तोंडातून गेली तर फिरते छान, फक्त दिसायचं ते अंतर चुकतं. म्हणून नळ्या सुट्या होतात त्या क्षणी, ज्या जागी सुट्या झाल्या तिथं दोन्हींवर सुईनं खूण करायची. तो परदेशी माणूस हे तीनदा म्हणाला होता. मी सुई उजव्या हातात धरून डाव्या हातानं नळी अगदी सावकाश फिरवत होतो. वरचं तेल निघून गेलं होतं आणि खालचं जुनं घट्ट ग्रीस राहिलं होतं, त्यामुळे शेवटच्या टप्प्यावर ती अडकली. मी घामाघूम. मामा मागून म्हणाले, "आण हिकडं."

"मामा, थांबा, खूण करायची हाय."

"निघाल्यावर कर की."

आणि मामांच्या त्या पंज्यांनी, ज्यांनी गंजलेले नट नुसते चिमटीत धरून सोडवले होते, नळी धरली आणि एका हिसक्यात ओढून फिरवून वेगळी केली. "ही घे," म्हणाले, दोन हातांत दोन नळ्या, तोंडावर मोठं हसू. "आता कर खूण."

मी तिथंच गुडघ्यांत डोकं घातलं. मामी धावत आली. "काय झालं रं? मोडलं?"

"न्हाय मामी. सुटलं."

"मग सुटलं तर रडतोस कशाला?"

याचं उत्तर त्या घरात कुणाला कसं द्यायचं? तरी मी दिलं. कापसाच्या तुसासकट, पेट्रोलच्या वाटीसकट, तोंडं, आटे, अनंत, सगळं सांगितलं. आवाज चढला होता. मामांशी मी त्याआधी कधी असं बोललो नव्हतो. मामांचं हसू हळूहळू गेलं. मग म्हणाले, "म्हंजे माझ्यामुळं कपाट भंगारात जानार." खोटं बोलायला हवं होतं की काय, मला कळलं नाही. मामांनी सदरा काढला, बाहेर जाऊन झटकला, डोक्याला मामीचा जुना स्कार्फ बांधला, कापूस पडू नये म्हणून, आणि माझ्यासमोर मांडी घालून बसले. "येक येक तोंड लावून बगू. तू सांग, मी फिरवतो. आता तुझ्या परवानगीबिगर बोट हालवायचं न्हाय." स्कार्फवर गुलाबी फुलं होती. शेजारच्या बायका तोंडाला पदर लावून बघत होत्या. मामांनी कुणाकडे बघितलं नाही.

मामांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि शुक्रवारची दुपार आणि संध्याकाळ आम्ही त्यातच घातली. घरी कॅमेरा नव्हता. लेन्सच्या मागे बटर पेपर धरायचा आणि लांबच्या पाण्याच्या टाकीचं चित्र त्यावर उमटतं का ते बघायचं, एवढाच उपाय. पण पेपर लेन्सपासून नेमका किती लांब धरायचा तेच माहीत नाही, त्यामुळे प्रत्येक तोंड थोडं बरोबर वाटायचं आणि थोडं चूक. मामा दर वेळी विचारायचे, "ह्ये?" मी म्हणायचो, "बहुतेक." मामा म्हणाले, "जॉबर 'बहुतेक' म्हनला तर मालक दारात उभा करत न्हाय." शेवटी अंधार पडायच्या आत ज्या तोंडात कड्यावरचे आकडे खुणेच्या रेषेशी बऱ्यापैकी जुळत होते, ते धरलं. पाती पुसून कोरडी झाली होती, काच स्वच्छ होती, कडं ना सैल ना घट्ट, हवं तसं जड फिरत होतं. ते फिरताना हाताला जे वाटलं ते मी अजून विसरलेलो नाही.

शनिवारी सरांनी लेन्स कॉलेजच्या कॅमेऱ्याला एक जोडकडं लावून बसवली आणि खिडकीतून बाहेर बघितलं. कडं फिरवलं. "वा," म्हणाले, "फिरते छान." सर कडं आडव्या आठापर्यंत नेऊन परत मागे आले, परत नेलं. मग कॅमेरा खाली घेतला. "लांबचं येत नाही रे. झाड येतं, पलीकडची इमारत धुरकट. अनंताला पोचतच नाही." तोंड चुकलं होतं. खाली भंगारवाल्याचा टेम्पो उभा होता, त्याचा माणूस जिन्यावर येऊन विचारत होता, "सर, अजून काय हाय?" सर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मेहनत घेतलीस. पण आपलं ठरलं होतं."

मी मान हलवली. जाताना नेहमीसारखं गप्प जायचं ठरवलं होतं. पण मला एकदम गुलाबी फुलांचा स्कार्फ बांधून बसलेले मामा आठवले आणि माझ्या तोंडून निघालं, मनात एकदाही म्हणून न बघता, "सर, लांबचं येत न्हाय म्हंजे जवळचं जास्त येत असंल. नळी जास्त बाहेर राहिलीया. बगा की." 'न्हाय' निघालं, 'बगा' निघालं, सगळंच निघालं. प्रयोगशाळेत वनस्पतिशास्त्राच्या मॅडम एक स्टँड मागायला आल्या होत्या. त्यांच्या हातात गवताच्या तुऱ्यांचा ट्रे होता. सरांनी थोड्या नाइलाजानंच कॅमेरा त्या तुऱ्यावर धरला, जवळ नेला, आणखी जवळ नेला, आणि थांबले. मग मॅडमना दाखवला. तांदळाच्या कणीएवढं फूल, त्याचा एकेक केस मोजता यावा असं दिसत होतं.

"ही मला द्या," मॅडम म्हणाल्या.

"पण हिला लांबचं दिसत नाही."

"मला लांबचं बघायचंच कुठाय?"

कपाट भंगारात गेलं नाही. ते उचलून मॅडमच्या प्रयोगशाळेत नेलं गेलं, आणि त्याची किल्ली सरांनी दिली नाही, मॅडमनी दिली. बाकीच्या लेन्स मी नंतर एकेक करून खोलल्या, प्रत्येकीवर आधी खूण केली, आणि त्या सगळ्या अनंतापर्यंत पोचल्या. पहिली मात्र मॅडमनी मला कधी दुरुस्त करू दिली नाही. घरी मी किल्ली मामांच्या हातात ठेवली. त्यांनी ती बोटांत फिरवून बघितली आणि म्हणाले, "कुलपाला तेल दिलंस का?" मग पुढची कितीतरी वर्षं, कुणीही घरी आलं की ते सांगायचे, "कॉलेजातली ती लेन्स कुणाला उघडत न्हवती. म्या उघडली." यात एक अक्षर खोटं नव्हतं, म्हणूनच जास्त वैताग यायचा.

मामा आता कारखान्यात जात नाहीत. वर्षातून दोनदा माझ्याकडे राहायला येतात. पिशवीत कपड्यांचा एक जोड, शेंगा चटणी आणि तीच लांब चोचीची कुपी. ते येणार असले की मी आधी माझ्या सगळ्या लेन्स कपाटात ठेवून कुलूप लावतो आणि किल्ली स्वतःजवळ ठेवतो. मग बायको विचारते, न्हाणीघराचं दार किती दिवस करकरतंय, त्याचं काही करणार आहेस की नाही. मी म्हणतो, राहू दे. मामा पोचतात, हातपाय धुवायला आत जातात, दार करकरतं. ते तसेच ओल्या पायांनी बाहेर येतात आणि पिशवीत हात घालत मला म्हणतात, "काय रं, येवढा शिकलास, आन् घरात तेलाचा थेंब न्हाय?"

"न्हाय मामा," मी म्हणतो. "तुमचीच वाट बगत व्हतो."